गावी नेलेला शब्द

लिमये सर गेल्याचा मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी संगमेश्वरच्या स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीची वाट बघत होते. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल मी लिहावं का, अजून नीट ठाऊक नाही... आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

सर निवृत्त शिक्षक. रत्नागिरीत मांडवीला त्यांच्या पडवीत आम्ही चार-पाच मुली इंग्रजी शिकायला जायचो. ते अर्थ पाठ करून घेत नसत. शनिवारी एकेकीला एक शब्द द्यायचे. "हा गावी घेऊन जा. कुठे बसतो ते बघ नि सोमवारी सांग."

पहिल्या वर्षी मी नेमकी इंग्रजीत नापास झाले. बाबा मुंबईत वॉचमन, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? कॉलेज सोडायचं ठरवूनच मी सरांकडे गेले. डिक्शनरीत शोधलेला भारदस्त शब्दही तयार ठेवला होता. म्हटलं, "सर, माझा रिझल्ट कॅलॅमिटस लागला. मी कॉलेज सोडते."

सरांनी चष्मा काढला. "अगो, कॅलॅमिटस म्हणजे सर्वनाश करणारं. हल्ली फारसं कोणी वापरीत नाही. नापासाला 'बॅड' पुरतं. पण उचललासच, तर घेऊन जा गावी. तुझ्या निकालालाच बसला, तर खुशाल सोड कॉलेज."

गावी दोन दिवस तो शब्द कुठेच बसेना. आमची शेळी मेली होती, तिथेही तो फारच मोठा वाटला. मग आईबरोबर शेतावर जाताना काकीच्या जुन्या घराची जागा लागली. चार वर्षांपूर्वी दरड कोसळली, त्यात घर गेलं, गुरं गेली, काका गेले. मी थांबले. "काय बघतंस गो? चल," आई म्हणाली. पलीकडे काकी त्याच मातीत नाचणी लावत होती.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हो, तिथे बसतो..." आणि लगेच विचारलं, "पुन्हा परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"

त्या परीक्षेचा निकाल लागला, तो सर गेल्यावर आठवड्यानं. पडवीत सरांच्या पत्नी, माई, एकट्याच होत्या. मी पास झाल्याचं सांगितलं.

"किती?"

"बेचाळीस."

"म्हणजे अठ्ठावन्न गेले. ह्यांनी आधी तेच विचारलं असतं." माई थोडं हसल्या. मग त्यांनी सरांच्या खुर्चीवर साठलेली वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"मला इंग्रजी येत नाही. पण काय काय चुकलं ते सांग, मी ऐकते."

मी पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागले.