मिसरचा उंट

घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा वास सुटतो आणि मला आमच्या चकलांबा गावातली एक नागपंचमी आठवते. निजामाच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले माझे चुलते मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या लढाईवरून परतले होते, पण तिथलं अवाक्षर काढत नव्हते. पंचमीच्या दुपारी सोंगांच्या खेळात चुलतीनं आम्हा दोघी बहिणींचा घोंगडीखाली उंट केला, स्वतः गोरा साहेब झाली आणि गरजली, “बैठ!” उंटाचे मागचे पाय झालेली मी आधी बसले. ओसरीवरून चुलते ओरडले, “असा न्हाई बसत उंट! आदी म्होरले गुडघे!” आणि अंगणात येऊन त्यांनी स्वतःच बसून दाखवलं. चुलतीनं हळूच विचारलं, “तुमी पडला का वो कदी?” “लई येळा!” म्हणत ते खदखदा हसले, आणि मग वाळूत राहिलेल्या सोबत्यांची नावं घेत दिवेलागणीपर्यंत बोलत राहिले. ती नावं आज माझ्या नातींनाही पाठ आहेत.