आयुधपूजेच्या दिवशी सुरी घ्यायला गेलो

भावोजींनी फोनवर सांगितलं, "येताना स्वतःची सुरी घेऊन ये. घडीची नको, पातं मुठीत पक्कं बसवलेली. तुला आवडेल ती घे." शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडाली.

भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनी धरणाच्या पाण्याजवळ एका मित्राच्या शेतात तंबू लावून ते पाहुणे ठेवतात. त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी मैसूरला अप्पांच्या दुकानात ब्लाउज शिवतो. आमचे पणजोबा कापड रंगवायचे, अप्पांनी रंग सोडून शिलाई धरली, आणि मी कॉलेज अर्ध्यावर सोडून अप्पांच्या शेजारच्या मशीनवर बसलो. दसऱ्याच्या सुट्टीत जाऊन काम करून बघायचं, जमलं तर भावोजी कायम ठेवणार, असं ठरलं. मला तिथं जायचंच होतं. पण अक्कानं मागाहून फोन करून सांगितलं, "हे म्हणतात, ज्याला स्वतःची सुरी ठरवता येत नाही त्याच्यावर पाहुणे कसे सोडायचे?"

म्हणजे सुरी हीच परीक्षा होती.

मी मोबाइलवर सुऱ्यांचे व्हिडिओ बघितले. एक जण म्हणतो स्टेनलेस घ्या, गंजत नाही. दुसरा म्हणतो स्टेनलेस अजिबात नको, रानात धार लावता येत नाही. एकाला पातं तळहाताएवढं हवं, दुसऱ्याला त्याच्या दीडपट. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: सुरी हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. हे मी नीट लक्षात ठेवलं.

संतेपेटेतल्या भांड्यांच्या आणि अवजारांच्या दुकानांत फिरलो. एका दुकानात काळ्या रबरी मुठीची, पाठीला करवतीचे दात असलेली सुरी होती. मुठीचं टोपण उघडलं की आत होकायंत्र आणि गळ. मी विचारलं, "मूठ पोकळ आहे, मग पातं कशात बसवलंय?"

दुकानदार म्हणाला, "तुम्हाला सुरी हवी का तिची जन्मपत्रिका?"

मी ती परत ठेवली. मग उचलली. मग परत ठेवली. शेवटी त्यानंच कपाटाला कुलूप लावलं.

आमच्या दुकानाला कात्र्यांना धार लावणारा एक जण येतो. तो म्हणाला, एच. डी. कोटेला शिवण्णा म्हणून लोहार आहे, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून सुऱ्या घडवतो, पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं. हे ऐकून मला एकदम मोकळं वाटलं. आमचं दुकान आयुधपूजेला बंद, दुसऱ्या दिवशी विजयादशमीलाही बंद. पूजेच्या सकाळी निघायचं, वाटेत कोटेला सुरी घ्यायची, संध्याकाळी तंबूवर. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. बेत चोख होता.

आयुधपूजा म्हणजे महाराष्ट्रातली खंडेनवमी. सकाळी आईनं दोन्ही मशीनना झेंडूच्या माळा घातल्या. कात्र्या, टेप, इस्त्री सगळं पाटावर मांडून मी स्वतः कुंकू लावलं. सवयीनं बाहीचा एक लोंबता दोरा कापायला कातरीकडे हात नेला तर आई ओरडली, "आज कातर धरू नको रे! उद्यापर्यंत बेडा, नको म्हणजे नको!" मी दोरा दातानं तोडला आणि सुरी आणायला निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कोटेला सरकारी बस बऱ्याच आहेत, दीड-दोन तास लागतात. बायकांना तिकीट नसतं, त्यामुळे सणाच्या दिवशी पुरुषांनी बसायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नये. त्या दिवशी आमच्या बसच्या पुढच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले होते आणि काचेवर एवढी फुलं की ड्रायव्हर मान वाकडी करून रस्ता बघत होता. रस्त्यावर ठिकठिकाणी कुंकू भरलेले कोहळे फोडलेले असतात. दुचाकीवरून जाणार असाल तर फार जपून. त्यावरून चाक हमखास घसरतं. बाकी रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना भाताची आणि उसाची शेतं.

शिवण्णाची कुलुमे, म्हणजे लोहारशाळा, बस स्टँडपासून चालत जाण्याजोगी आहे. भाता गार. ऐरणीवर झेंडूचा हार. हातोडे, सांडशी, घण सगळे पाटावर ओळीनं, कुंकू लावलेले. आणि त्याच पाटावर शेवटी तीन नव्या सुऱ्या.

तरीसुद्धा मी म्हणालो, "सुरी हवी होती."

खुर्चीत बसून टीव्ही बघणाऱ्या शिवण्णानं मला खालपासून वर बघितलं. "कुठून आलास, तम्मा?"

"मैसूरहून."

तो बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं ये, बघायला ये! मैसूरचा मुलगा आयुधपूजेला हत्यार विकत घ्यायला आलाय!"

ती आली, शेजारची दोघं आली. सगळे कन्नडमध्ये हसत होते, वाईट मनानं नाही, पण हसत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या कारणानं माझी मशीन बंद होती, म्हणून मला सुट्टी होती, त्याच कारणानं त्याचा भाता बंद होता. सकाळी कात्र्यांना कुंकू लावताना हे माझ्या मनात कसं आलं नाही, ते मला अजून समजलेलं नाही.

"उद्या सकाळी पूजा हलवली की ये," शिवण्णा म्हणाला. "आज हात लावायचा नाही. बघायचं असेल तर बघ."

त्याच्या बायकोनं चुरमुरे, डाळं आणि गूळ दिला. मी पाटासमोर मांडी घालून बसलो आणि चुरमुरे खात तिन्ही सुऱ्या नुसत्या बघत राहिलो. एक लांब, निमुळती, फार देखणी. एक रुंद. एक आखूड, जाड पाठीची, पात्यावर घडवतानाचा काळा थर तसाच ठेवलेला. धरून बघता येत नव्हतं, म्हणून मी माझाच हात हवेत मुठीसारखा धरून अंदाज घेत होतो.

शेजारचा एक जण म्हणाला, "लग्नाची मुलगी बघायला आलाय का? पोहे द्या त्याला."

मी मनात लांब सुरी ठरवली. दारापर्यंत गेल्यावर रुंद ठरवली.

कोटेहून पुढे शेअर जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा वेळ हातात ठेवा. मी रिकाम्या हातानं पोचलो. भावोजी तंबूच्या खुंट्या मोजत होते. ते फक्त म्हणाले, "दाखव."

मी सगळं सांगितलं. अक्का हसता हसता खाली बसली. भावोजी हसले नाहीत. "उद्या पाहुणे यायच्या आत," एवढंच म्हणाले. पावसाळ्यानंतर तिथं पाणी काठोकाठ असतं आणि संध्याकाळी पलीकडच्या रानातून मोरांचे आवाज येतात. जागा फार सुंदर आहे. मला त्या संध्याकाळी ती नीट दिसली नाही.

विजयादशमीच्या सकाळी पहिल्या जीपनं परत कोटेला गेलो. शिवण्णानं माळा उतरवल्या, पाट जरा सरकवला आणि म्हणाला, "घे, आता धर."

लांब सुरी धरली. मूठ एवढी बारीक की हातात फिरत होती. रुंद सुरी पुढून जड, मनगट खाली ओढायची. आखूड सुरीची बाभळीची मूठ हातात बसली, पण ती मला अजिबात आवडली नव्हती. हाताचं ऐकावं की डोळ्यांचं? शिवण्णाला विचारलं, "तुम्ही कोणती घ्याल?"

"मला कोयता लागतो," तो म्हणाला, आणि टीव्हीवर मैसूरची मिरवणूक सुरू व्हायची वाट बघू लागला. त्याची बायको म्हणाली, लांब घे, तीच सगळ्यात जास्त दिवस पडून आहे.

तेवढ्यात बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मी पैसे दिले, आखूड सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली आणि धावलो. ही निवड होती का घाई, ते सांगता येत नाही. (तुम्हीही सुरी अशीच गुंडाळून तळाशी ठेवा, आणि राखीव जंगलाच्या फाटकातून आत जाणार असाल तर ती मुक्कामावर ठेवूनच जा.)

दुपारभर दोऱ्या कापल्या, काटक्या तासल्या, मासे साफ केले. दर वेळी पुसून, खोबरेल लावून ठेवत होतो. कार्बनचं पोलाद ओलं राहिलं की गंजतं. भावोजी दोनदा म्हणाले, "अरे, ती सुरी आहे, बाळ नाही." कामाबद्दल मात्र चांगलं-वाईट काहीच बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी निघताना मी पिशवी भरत होतो. भावोजी म्हणाले, "सुरी इथंच ठेवून जा."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे ठेवून जा," म्हणाले आणि पाहुण्यांचा चहा बघायला गेले.

घरी येईपर्यंत, बसमध्ये, मी याच वाक्यावर अडकलो होतो. मला ठेवून घेतलं का? की माणूस नको, पण सुरी बरी आहे? विचारायचा धीर झाला नाही. अप्पांनी विचारलं, "काय ठरलं?" मी सांगितलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग ह्या बाह्या लाव."

त्या बाह्या लावताना मला त्या जाड पाठीच्या सुरीची आठवण येत होती. देखणी नाही. तिन्ही पाटावर पुन्हा मांडल्या तर कदाचित मी पुन्हा लांबच उचलीन. तरी तिची मूठ कुठं रुंद होते आणि कुठं बोट अडतं, हे मला मशीनवर बसून, न बघता आठवत होतं.

आठवड्यानं अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "तुझी सुरी मात्र कामाची हं. हे रोज तिनं शहाळी तासतात. आज तर तिच्या टोकानं नारळाची करवंटी उचकटत होते."

माझा पाय मशीनवरून खाली आला. "अक्का, ती सुरी करवंटीला नाही! टोक तुटेल तिचं. त्यांना आत्ता सांग, पुसून, तेल लावून वर ठेवा म्हणावं. मी रविवारी येतो आहे."

"राहायला?" अक्कानं विचारलं.

अप्पांनी कातर थांबवून माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "राहायलाच."