घागर कुठे होती

जमादार चहा आधी हुंगायचे, मग प्यायचे. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला त्याचा राग यायचा. "जमादार, मी काय इख घालायलोय का चहात?" असे तो एकदा म्हणालाच. जमादार थंडपणे म्हणाले, "घालणारा कधी इचारीत न्हाई." त्या दिवशी बाकावरच्या दोघांनी आपले कप खाली ठेवले.

पोलिसातून निवृत्त होऊन ते आमच्या गावात राहायला आले, ते पुठ्ठा गेलेले एक जाड मराठी पुस्तक घेऊन. त्यात विलायतेतले जुने खून होते, राणीच्या राज्यातले. लंडनचे धुके, बायकोला रोज थोडे थोडे सोमलाचे विष चारणारे सभ्य नवरे आणि त्यांच्या मागावरचे फौजदार. ऐकून ऐकून मला परभणीपेक्षा लंडनच्या गल्ल्या जास्त माहीत झाल्या होत्या.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. तिकडच्या एका खेड्यात मोठ्या घरचे लेकरू मारले गेले. लंडनहून फौजदार आला. त्याने धुण्याची यादी मागितली, तर थोरल्या मुलीचा एक झगा कमी भरला. रक्ताने माखला म्हणून तो नाहीसा केला, हे त्याने ताडले. साध्या घरचा पोलीस मोठ्यांच्या लेकीवर बोट ठेवतो म्हणून लोकांनी त्यालाच नाव ठेवले. काही वर्षांनी मुलीने आपणहून कबुली दिली, पण तोवर त्याची अब्रू गेली होती. "काय हाय तेवढंच बघू ने," जमादार म्हणत, "काय न्हाई तेबी बघावं."

मग माझ्या चुलत पुतण्याची बायको विहिरीत सापडली. पाण्याला गेली, पाय घसरला, असे घरच्यांनी सांगितले. पंच म्हणून मला बोलावले. लिहिणाऱ्या पोलिसाने विचारले, वाचून दाखवू का? मी म्हणालो, मला वाचता येतं. कागद थोडा वेळ डोळ्यांपुढे धरला आणि झोकात सही केली. मला नावापुरतीच अक्षरे येत होती. हॉटेलात मी रोज पेपर उघडून बसायचो. चित्रावरून तो सुलटा धरता यायचा.

दुसऱ्या दिवशी जमादारांनी विचारले, "घागर कुठं होती?"

"घरात, पालथी," मी बोलून गेलो. पंचनाम्याच्या दिवशी मी ती तिथेच पाहिली होती.

"पंचनाम्यात तर इहिरीच्या काठावर हाय."

जुन्या ओळखीने ते ठाण्यात कागद बघून आले होते. नंतर तीनदा माझ्या दारी आले, पण एकदाही बसले नाहीत. साहेबापुढे एवढेच म्हणा की न वाचता सही केली, असे त्यांचे मागणे होते. मी म्हणालो, माझी सही ती माझी सही. त्यांनी माझ्या हातातल्या पेपराकडे पाहिले. जाताना तेवढे म्हणाले, "आबा, एकदा पचलं की दुसऱ्यांदा हात कापत न्हाई."

प्रकरण मिटले. वर्षाच्या आत पुतण्याचे दुसरे लग्न झाले, मी पंगतीत जेवलो. लोक जमादारांना लंडनचे फौजदार म्हणून चिडवू लागले. मीही हसलो. त्यानंतर ते बाकावर आले नाहीत.

अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मला बोलावले आणि ते पुस्तक हातात दिले. "ह्यात चित्रं न्हाईत, आबा," एवढेच म्हणाले. आठवड्याने गेले.

त्या पुस्तकावरच मी अक्षरे घोटली. कुणाला विचारले नाही. दोन वर्षे गेली, जोडाक्षरांनी जीव खाल्ला. शेवटी झग्याच्या गोष्टीचे दुमडलेले पान लागले. कडेला पेन्सिलीने एकच शब्द होता. घागर.

परवा पुतण्याची दुसरी बायको ताक मागायला आली. मनगट सुजून काळेनिळे झाले होते. मी विचारले, तर खाली बघून म्हणाली, "पाय घसरला, मामाजी."

ती गेल्यावर मी कागद घेतला आणि ठाण्यात द्यायचा अर्ज लिहिला. घागर घरात होती, हे लिहिले. मला वाचता येत नव्हते, हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग सगळा अर्ज पहिल्यापासून मोठ्याने वाचला. मगच सही केली.