आली का बापाची आठवण?

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात आबासाहेब सुपरवायझर होते. माणूस मनासारखं वागला की तिथल्या तिथं शाबासकी द्या, मग ते वागणं टिकतं, असं प्रशिक्षण द्यायला आलेली बाई सांगत होती. आबासाहेबांना एकदम त्यांची बायको प्रभा आठवली. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याहून लेकीचा, अपेक्षाचा फोन आला की पिठाचे हात पदराला पुसत ती म्हणायची, "बरं झालं बाई, तुझाच विषय चालला होता." विषय बहुतेकदा चाललेला नसायचाच, पण अपेक्षा रोज फोन करायची. आता पंधरवड्यातून एकदा करायची, आणि आबासाहेब तो उचलल्या उचलल्या म्हणायचे, "आली का बापाची आठवण?"

त्या संध्याकाळी फोन वाजला. टोमणा अगदी ओठांवर आला होता. तो गिळून ते म्हणाले, "तुझा आवाज ऐकून लई बरं वाटलं बघ."

"आबा, ताप-बिप आलाय का?"

"न्हाय गं. तू बोल की."

लेकाच्या पडलेल्या दातापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत ती अर्धा तास बोलली. आईसारखी मीठ जास्त झालेली चटणी मात्र कुठं मिळत नाही, म्हणाली.

चौथ्याच दिवशी तिचा परत फोन आला. काम काहीच नव्हतं.