माळ्यावरच्या रजया

आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरमध्ये नवी मेमरी बसवायला एक तंत्रज्ञ गोंदियाहून एकदाच आला. काढलेला प्रत्येक स्क्रू बाहीला पुसून खिशात टाकत होता. मी शेजारीच पेपर वाचत होते.

सचिव त्याच्यावर घसरले, "अर्धी मेमरी रिकामी आहे, तरी सर्व्हर डिस्कवरचा स्वॅप, म्हणजे मेमरीची जादा जागा, काऊन वापरून राहिला? खराब मेमरी बसवली तू. परत येऊ नको."

तो चिडला नाही. मला म्हणाला, "आजी, घरात जागा आहे ना? मग रजया माळ्यावर कायले?"

"उन्हाळ्यात कोण पांघरते बाबा? खाली मोकळं राहते."

"सर्व्हरही तेच करते, सध्या न लागणारं डिस्कवर ठेवते. त्याची सारखी चढउतार असली, तर मेमरी कमी पडते म्हणा."

त्यानं पडद्यावर आकडे दाखवले, चढउतार शून्य होती. सचिवांनी कामाच्या कागदावर सही केली.

माझ्या रजया मात्र वैशाखातही पलंगावरच होत्या. घरी येऊन आधी त्या माळ्यावर चढवल्या.