बुधवारचा घास

मासे सोडलेत, एवढंच सांगायचं होतं. पण सांगणार कसं?

बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्टला आठ दिवस. मी तिच्यादेखत देवापुढे हात जोडून म्हणालो, रिपोर्ट चांगला येईपर्यंत मासे बंद. माझ्यासारख्याने मासे सोडायचे म्हणजे गंमत नाही! आणि पाचव्याच दिवशी आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात एक जपानी पाहुणे आले. मालकांनी त्यांच्याबरोबर मलाही गाडीत घातलं आणि थेट उल्हासनगर कॅम्प एकला नेलं. कापडाच्या दुकानावरच्या माडीत सुशी! सहा खुर्च्या, समोर लाकडी फळी आणि फळीपलीकडे जपानात राबून आलेला सिंधी आचारी. मेनूकार्ड नाहीच. मालक कौतुकाने म्हणाले, "ओमाकासे बोलते हैं. मतलब सब इसके ऊपर छोड़ देने का."

सोपवायचं म्हणे! मी तर आधीच सगळं सोपवून बसलो होतो, दुसऱ्या ठिकाणी.

मला मधली खुर्ची. एकीकडे मालक, दुसरीकडे पाहुणे, पाठीला भिंत. "इनको बराबर खिलाओ, पक्का मच्छीवाला है," असं मालकांनी सांगूनही टाकलं. उपवास म्हणावं, तर वार बुधवार! सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. बुधवारी मेला एक देव मदतीला येईना. खरं सांगावं, तर बायकोचं दुखणं सांगावं लागणार, आणि ते अजून तिच्या आईलाही माहीत नव्हतं.

आचाऱ्याने बोटभर भातावर कच्च्या माशाची तुकडी ठेवून माझ्यापुढे सरकवली आणि बघत उभा राहिला. लपवायलाही जागा नाही. मालक म्हणाले, "अरे, लो ना!" मी घेतली. चवीने खाल्ली असती तरी एक वेळ बरं होतं. नुसती गिळली, चोरासारखी.

दुसरी आली तेव्हा हातच उठेना. मालक फोनवर होते. पाहुण्यांनी हळूच विचारलं, बरं नाही का? परक्याला सांगणं सोपं जातं. मोडक्या इंग्रजीत मी नवस सांगितला, पहिली तुकडी तेवढी गाळली. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "माझ्या परीक्षेसाठी आईने चहा सोडला होता." मग जपानीत आचाऱ्याशी दोन शब्द बोलले, आणि पुढे मला काकडी, वांगं, अंडं येत राहिलं.

"आईने परत कधी घेतला?" मी विचारलं.

"पास झालो त्या दिवशी. मीच ओतून दिला."

रिपोर्ट शनिवारी आला. चांगला आला, सुटलो बुवा! रविवारी बदलापूरच्या घरी बायकोने स्वतः सुरमई आणली, तळली, पहिली तुकडी माझ्या ताटात वाढली. "घ्या. माझ्यासाठी सोडलेत ना, मग माझ्याच हातून सुरू करा."

घास तोंडापर्यंत नेला. खाल्ला तर तिला फसवणार, न खाल्ला तर सांगावं लागणार. म्हणालो, "राहू दे गं. आता कायमचेच सोडले."

तिचे डोळे भरून आले. याला दोन वर्षं झाली. घरी कुणीही जेवायला आलं, की ती अभिमानाने सांगते, "माझ्यासाठी यांनी मासे कायमचे सोडले हो." आणि मी मान खाली घालून वरणभात कालवत बसतो.