भावजींनी बघितलेली गाडी

पाववाल्या वहिनीला कुणी भोळी म्हटलं, तर म्हणणाऱ्याचीच कीव करावी. नवरा गेला, मागे राहिली एक जुनी व्हॅन आणि बेकरीचे पाव दुकानोदुकानी पोचवायची फेरी. त्या फेरीवर धाकट्या दिराचा कधीपासून डोळा! गाडी जराशी खोकायला लागली, तसे हे भावजी "बघतो की, वहिनी" म्हणत आले, इंजिनात डोकं घालून बसले आणि हात पुसत म्हणाले, "इंजिन गेलं. फेरी मी सांभाळतो." तेव्हापासून गाडी जी बंद पडली ती पडली. बेकरीच्या मालकानं निरोप धाडला, सोमवारी सकाळी गाडी दारात दिसली नाही तर फेरी दिराची.

वहिनी हातपाय गाळणारी नव्हती. गाडी दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याला बॅटरीचा उजेड दाखवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. नुसता उजेडच दाखवला असेल होय! रविवारी तिनं अंगणात गाडीची इंजिनावरची डावीकडची सीट उचलली आणि शेजारणीला किल्ली फिरवायला बसवलं. इंजिन फिरत होतं, म्हणजे जाम नव्हतं. पेट्रोलही येत होतं. प्लग काढून बघितला, तर ठिणगी नाही. ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलची वायर पकडीत धरून बघितली, तर ठिणगी अशी कडाडली की शेजारीण किंचाळलीच, "अगं बाई, मरशील!"

"मग मधे खातंय कोण?" म्हणत वहिनीनं डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. सगळ्या प्लगांना ठिणगी वाटून देणारा रोटर, बोटभर तुकडा, जागेवर नव्हताच. तो काही आपल्या पायानं चालत जात नाही.

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. "मेल्या, भावाची राख निवली नाही तोवर त्याच्या बायकोच्या पोटावर पाय!" डोळ्यांत पाणी आलं, ते रागानंच पुसलं. दोघा भावांनी एकसारख्याच गाड्या घेतल्या होत्या आणि भावजींच्या गाडीची जादा किल्ली घरातच होती. दुपारी भावजी घोरत असताना वहिनी गेली, त्यांचा रोटर काढला, झाकण बसवलं आणि आली. आपल्या गाडीत लावला. गाडी खोकली, पण सुरू झाली. वहिनीला इतकं गोड कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

सोमवारी बेकरीच्या दारात तिची गाडी उभी. भावजी धापा टाकत पायीच आले.

"वहिनी, माझा रोटर काढलात ना?"

"तुमच्याकडे जास्तीचा असेल की एक. तो लावा."

"तो तर मी गटारात..." भावजींनी जीभ चावली.

मालकानं एकदा दिराकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग कामगारांना म्हणाला, "पाव वहिनींच्या गाडीत भरा."

भावजींचा चेहरा पडला. तरी मोडेन पण वाकणार नाही! म्हणाले, "दादा असता तर तुमचं हे चालू दिलं असतं का त्यानं?"

वहिनी सीटवर चढली. "ते असते, तर तुमचा हात त्या इंजिनापर्यंत पोचला असता का, भावजी?"